नदीचा वर्ग कोणी ठरवावा?

दक्षिण आफ्रिकेतील म्पुमलांगा प्रांताच्या उंच, गवताळ आणि हिवाळ्यात दहिवराने पांढऱ्या पडणाऱ्या पठारावर जी उगम पावते, कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रे यांच्यामधून वाट काढीत जी लॉस्कॉप धरणाशी येते, तेथून संत्र्यालिंबांच्या बागांना पाणी पाजून सेखुखुनेच्या कोरड्या मुलखात शिरते, पुढे ड्राकेन्सबर्गचा कडा फोडून सखल प्रदेशात उतरते आणि क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून जाऊन मोझांबिकच्या हद्दीत लिंपोपोस मिळते, त्या ओलिफंट्स नदीचे पाणलोट क्षेत्र एकट्या दक्षिण आफ्रिकेतच सुमारे ५४,५०० चौरस किलोमीटर आहे. सेपेडी बोलणारी माणसे तिला लेपेल्ले म्हणतात.

या एका प्रवाहावर भिस्त ठेवून असलेली माणसे बहुधा एकमेकांस ओळखतही नाहीत. खाणीच्या व्यवस्थापकास खाणीत साचलेले पाणी कोठे तरी सोडावयाचे असते. नगरपालिकेस नळासाठी पाणी हवे असते आणि मैलापाण्याची वाटही त्याच नदीत लावावयाची असते. लॉस्कॉपखालच्या बागायतदारास क्षार नसलेले पाणी ठरल्या पाळीने हवे असते. प्लॅटिनमच्या खाणीस धरणातला वाटा हवा असतो. सेखुखुनेतील बाई नदीच्या वाळूत झिरा खणून बादली भरण्याची वाट पाहत बसते. आणि क्रूगरच्या वनाधिकाऱ्यास कोरड्या ऋतूतही नदी वाहती राहावी एवढेच हवे असते. नदी कोणत्या स्थितीत राखावयाची, असे या सर्वांना विचारले तर जितकी तोंडे तितकी उत्तरे येतील हे उघड आहे. तरीही तो प्रश्न विचारलाच पाहिजे, आलेली उत्तरे तोलून एक निर्णय केला पाहिजे आणि तो राजपत्रात छापून सरकारासकट सर्वांवर बंधनकारक केला पाहिजे, अशी आज्ञा या देशाने आपल्या १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्यात करून ठेवली आहे. जलसंपत्तीचे वर्गीकरण असे तिचे रूक्ष नाव आहे; परंतु नदीविषयी सार्वजनिक रीतीने निर्णय कसा करावा याचा इतका विचारपूर्वक रचलेला दुसरा आराखडा माझ्या पाहण्यात नाही, आणि म्हणून त्याची हकीकत जरा सविस्तर सांगावीशी वाटते.

हा कायदा समजावयाचा, तर त्याने जे मोडून काढले ते आधी पाहिले पाहिजे. १९५६ च्या जुन्या जल कायद्याचे मूळ तत्त्व असे, की ज्याच्या जमिनीची हद्द नदीला भिडली, त्याचा नदीच्या पाण्यावर हक्क. तत्त्व दिसावयास साधे. परंतु ते ज्या देशात लागू होते, तेथे १९१३ च्या भूमी कायद्याने बहुसंख्य कृष्णवर्णीय प्रजेसाठी देशाच्या भूमीपैकी अवघा सात टक्क्यांच्या आसपास भाग राखून ठेवला होता, आणि १९३६ च्या कायद्याने तो वाढवून तेराच्या आसपास नेला होता. उरलेल्या भूमीवर त्यांना जमीन घेण्याचीच मुभा नव्हती. आणि जेथे जमीन नाही तेथे पाणीही नाही. ओलिफंट्सच्या खोऱ्यात लेबोवा, क्वान्देबेले व गझानकुलू या तथाकथित स्वदेशांत दाटीवाटीने वसवलेली लाखो माणसे नदीच्या जवळ राहूनही कायद्याच्या दृष्टीने तिची कोणीच लागत नव्हती. पाण्याविषयी तंटा झालाच, तर तो काठावरच्या दोन जमीनमालकांत व्हावयाचा. तिसऱ्याची कैफियत ऐकण्यास जागाच नव्हती.

१९९४ मध्ये सत्तांतर झाले आणि जलव्यवहार खाते कादर आस्माल यांच्याकडे आले. भारतीय वंशाचे हे गृहस्थ नाताळ प्रांतात जन्मले, परागंदा होऊन अनेक वर्षे डब्लिन येथे कायद्याचे अध्यापन करीत होते, आणि मंत्री झाल्यावर त्यांनी पाण्याच्या मालकीची ही सारी इमारत पायापासून उतरवून नव्याने बांधली. नव्या कायद्याने काठावरच्या जमिनीचा हक्क रद्द केला, पाणी ही राष्ट्राची संपत्ती ठरवली आणि सरकारला तिचे मालक न करता विश्वस्त केले. या विश्वस्ताने कोणासही वाटा देण्यापूर्वी दोन वाटे बाजूला काढून ठेवावयाचे असतात. पहिला माणसाच्या प्राथमिक गरजेचा, ज्याचे परिमाण दरडोई दररोज २५ लिटर धरले आहे; दुसरा खुद्द नदीचा, म्हणजे तिच्यातील जीवसृष्टी तगून राहील इतक्या प्रवाहाचा. या दोहोंस मिळून कायद्यात ‘आरक्षण’ म्हटले आहे. खाण, बागायत, कारखाना, वीजकेंद्र यांचे परवाने त्यानंतरचे.

नदीचा वाटा किती, हे ठरवण्याचे शास्त्र तेथील संशोधकांनी कष्टाने उभे केले. जॅकी किंग आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले, की नदीला वर्षाकाठी अमुक इतके पाणी द्यावे असे म्हणून भागत नाही. ते केव्हा आणि कोणत्या रूपाने मिळते यावर सारे अवलंबून असते. पावसाळ्याच्या आरंभीचा लहानसा लोंढा माशांना अंडी घालण्याची वेळ झाल्याचे कळवतो, मोठा पूर पात्रात साचलेला गाळ व वाळू वाहून नेतो, आणि कोरड्या ऋतूतील बारीक धार डोहांतील जीव पुढच्या पावसापर्यंत जगवते. किंग यांना या कार्याबद्दल २०१९ चे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले. या शास्त्राच्या आधारे नदीच्या प्रत्येक पट्ट्याच्या प्रकृतीस ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंत श्रेणी लावता येते: ‘ए’ म्हणजे जवळजवळ निसर्गतः होती तशी, ‘डी’ म्हणजे पुष्कळ बदललेली परंतु अद्याप जीव धरून असलेली, ‘ई’ आणि ‘एफ’ या अवस्थांत नदी आढळली, तर तेथेच तिला राहू देणे हे उद्दिष्ट म्हणून मान्य होत नाही.

येथपर्यंतचे काम तज्ज्ञांचे आहे, आणि येथेच ते संपते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज नदी ‘सी’ श्रेणीत आहे हे निदान तज्ज्ञ करू शकतो. तिला ‘बी’ मध्ये न्यावयाचे असेल तर धरणातून किती पाणी सोडावे लागेल हेही तो सांगू शकतो. परंतु तेवढ्या पाण्यासाठी खालच्या तीनशे बागायतदारांनी एक पाळी सोडावी काय, किंवा त्या बागांवर मजुरी करणाऱ्यांच्या चुली तेवढ्यासाठी थंडावल्या तर चालेल काय, याचे उत्तर त्याच्या कोणत्याही उपकरणात नाही. ते उत्तर मूल्यांचे आहे, आणि ज्यांना त्याचे फळ भोगावयाचे त्यांनीच ते दिले पाहिजे. कायद्याने तीन वर्ग सांगितले आहेत: पहिल्यात अत्यल्प वापर होऊन नदी जवळजवळ मूळ स्थितीत राहील, दुसऱ्यात मध्यम वापर होईल, तिसऱ्यात भारी वापर होईल. यांपैकी कोणता वर्ग स्वीकारावयाचा हे ठरवणे म्हणजे आपल्या नातवंडांना कोणती नदी द्यावयाची याविषयी आजच्या पिढीने करार करणे आहे. आणि कराराला पक्षकार लागतात.

वर्ग ठरवण्याची रीत १७ सप्टेंबर २०१० रोजी राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या नियमांनी घालून दिली. त्यात सात पायऱ्या आहेत. त्या सगळ्यांचा पाढा येथे वाचण्याचे कारण नाही. प्रथम खोऱ्याचे एकसारख्या स्वरूपाचे भाग पाडावयाचे. ओलिफंट्सचे असे तेरा भाग पाडले गेले. मग नदीच्या प्रत्येक अवस्थेशी माणसांचे कोणते उत्पन्न, कोणता रोजगार आणि कोणती नित्याची गरज बांधलेली आहे हे शोधावयाचे. त्यानंतर एक तळरेषा आखावयाची, जिच्याखाली नदीला कोणीही, कितीही मोठ्या लाभासाठी, नेऊ शकत नाही. आणि मग त्या रेषेच्या वर निरनिराळी चित्रे मांडावयाची: खाणी वाढल्या आणि नदी आहे तेथेच राखली तर काय होईल, शेतीचे पाणी कमी करून नदी सुधारली तर कोणाचे किती नुकसान, मैलापाणी नीट शुद्ध केले तर कोणाचेही पाणी न तोडता किती सुधारणा पदरात पडेल. ही चित्रे लोकांपुढे ठेवून त्यांचा कौल घ्यावयाचा, ही सहावी पायरी. आणि राजपत्रात वर्ग जाहीर करणे ही सातवी. शिवाय मूळ कायद्यातच अशी तजवीज आहे, की मंत्र्याने अंतिम निर्णयापूर्वी मसुदा प्रसिद्ध करून लेखी हरकती मागवल्या पाहिजेत आणि त्यासाठी किमान साठ दिवसांची मुदत दिली पाहिजे.

तळरेषा आधी आणि चर्चा नंतर, हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. सर्व हितसंबंधी एकत्र बसवले की सारे आपोआप न्याय्य होते, ही समजूत भाबडी आहे. सभेत ज्याच्याकडे वकील, अभियंता आणि आकडेवारी आहे तो प्रबळ ठरतो. ज्याला सभेस येण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते तो गप्प बसतो किंवा येतच नाही. आणि नदीला तर तोंडच नाही. म्हणून दुर्बलाचा घोटभर पाण्याचा वाटा आणि नदीच्या प्राणाचा वाटा या दोन गोष्टी वाटाघाटीच्या पलीकडे ठेवून मगच वाटाघाटीस बसावयाचे, अशी ही रचना आहे.

परंतु लोकांनी कौल द्यावयाचा तर त्यांना नदी वाचता आली पाहिजे, आणि ती वाचण्याचे एक सुंदर साधन त्याच देशात सिद्ध झाले आहे. त्याचे नाव ‘मिनीसास’. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक लहान जाळी, एक पांढरे तबक आणि उथळ, दगडाळ ओढा एवढ्यावर काम भागते. शाळेतली मुले गुडघाभर पाण्यात उभी राहतात, प्रवाहाच्या वरच्या अंगास पायाने दगड हलवतात, आणि सुटून वाहत आलेले बारीक जीव खालच्या जाळीत धरून तबकात ओततात. पांढऱ्या तळावर ते वळवळू लागले की तेरा गटांच्या चित्रांशी ते ताडून पाहावयाचे. स्टोनफ्लाय नावाच्या माशीची पिल्ले केवळ निर्मळ, प्राणवायूने भरलेल्या वाहत्या पाण्यात जगतात, म्हणून ती सापडली तर सतरा गुण, चतुराचे पिल्लू सापडले तर सहा, खेकड्याचेही सहा, गोगलगायीचे चार, जळवा आणि गांडुळासारखे किडे कसल्याही घाणीत तग धरतात, म्हणून त्यांचे दोनच. गुणांची सरासरी काढली की त्या ओढ्याची प्रकृती कळते. पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासला तर त्या क्षणाचे पाणी कळते. हे जीव मात्र आठवडे नि महिने त्याच जागी राहिलेले असतात, आणि मध्यरात्री कोणी गुपचूप सोडलेले सांडपाणीही त्यांच्या गैरहजेरीतून उघडकीस येते. ज्या मुलीने आपल्या गावच्या ओढ्याला असे गुण दिले आहेत, ती पुढे मोठी होऊन वर्गीकरणाच्या सभेत बसली, तर तज्ज्ञाच्या कोष्टकापुढे ती दबून जाणार नाही.

ओलिफंट्सच्या बाबतीत अशा वाचनाची गरज किती, हे तिच्या वरच्या भागात दिसते. विटबँक, ज्याला आता इमालाहलेनी म्हणतात, त्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोळसा निघत आहे. कोळशाच्या थरांत पायराइट हे गंधकयुक्त खनिज असते. खाण उघडली की त्याला हवा आणि पाणी लागते, त्यापासून गंधकाम्ल तयार होते, आणि ते आम्ल खडकातील लोह व इतर धातू विरघळवून घेऊन बाहेर झिरपते. मालक निघून गेलेल्या बेवारस खाणीही झिरपतच राहतात. खाणींनी मिळून २००७ मध्ये इमालाहलेनी येथे असे पाणी पिण्यायोग्य करून शहरास पुरवणारा प्रकल्प सुरू केला, ही गोष्ट कौतुकाची आहे. परंतु साऱ्या खोऱ्याच्या दुखण्यास तो एक पुरेसा नाही. त्यात मोडकळीस आलेल्या मैलाशुद्धी केंद्रांतून येणाऱ्या स्फुरदाची भर पडते, आणि लॉस्कॉपच्या जलाशयात शेवाळ माजते.

खालच्या अंगास याचे भोग क्रूगर उद्यानाने पाहिले. २००५ साली उद्यानातील ओलिफंट्स काही काळ वाहावयाची थांबली. २००८ च्या हिवाळ्यात मोझांबिकच्या सरहद्दीलगतच्या घळईत मगरी मरू लागल्या, आणि शंभराहून अधिक मेल्या. त्यांच्या शरीरातील चरबी पिवळी व कठीण झाली होती, त्यामुळे त्यांना धड पोहता येत नव्हते की शिकार करता येत नव्हती. रोगाचे नाव पॅनस्टिएटायटिस. कारणांविषयी शास्त्रज्ञांत वाद राहिला, कारण वरून आलेले प्रदूषण हे एक अंग होते, तर खाली मोझांबिकातील मासिंगिर धरणाचे पाणी घळईत तुंबून गाळ व मासे यांत झालेला बदल हे दुसरे. मात्र या मगरींच्या मृत्यूने एक गोष्ट झाली: जी नदी खाण, बागायत, खेडे आणि अरण्य अशा चार जगांत तोडून पाहिली जात होती, ती एकच आहे हे वरच्यांनाही मानावे लागले.

ओलिफंट्सचे वर्ग आणि गुणवत्तेची उद्दिष्टे २२ एप्रिल २०१६ रोजी राजपत्रात आली. कोळशाच्या पट्ट्यातील वरच्या भागास तिसरा वर्ग मिळाला. हे वाचून निसर्गप्रेमी माणसाचे मन खट्टू होते, माझेही झाले. तिसरा वर्ग म्हणजे घाण करण्याचा परवाना नव्हे काय, असा आक्षेप सहज सुचतो. परंतु विचारांती त्यातील प्रामाणिकपणा पटतो. जेथे देशाची वीज जिच्यावर चालते तो कोळसा निघतो आणि शेकडो बोगदे जमिनीखाली झिरपत आहेत, त्या भागास कागदावर पहिला वर्ग देऊन कोणीही त्याचे पालन करणार नाही, यापेक्षा तिसरा वर्ग देऊन त्याची खालची मर्यादा कसोशीने सांभाळणे बरे. कारण ही मर्यादा आकड्यांत लिहिलेली असते. अमुक ठिकाणी क्षारांचे प्रमाण याहून अधिक नको, अमुक महिन्यात प्रवाह याहून कमी नको, येथे इतके मासे आणि अशी काठावरची झाडी असलीच पाहिजे. आणि या निर्णयाचे पालन मंत्र्यापासून नगरपालिकेपर्यंत प्रत्येक सरकारी संस्थेने आपला अधिकार वापरताना केले पाहिजे, असे कायदा बजावतो. नव्या खाणीच्या परवान्याचा अर्ज आला, तर तो या आकड्यांशी ताडून पाहणे भाग आहे, आणि तसे न झाल्यास कोणासही बोट ठेवण्यास जागा आहे.

महाराष्ट्राने नद्यांचे वर्ग पाडून पाहिले नाहीत असे नाही. २००० साली राज्य शासनाने नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले, नद्यांच्या पट्ट्यांना अ-१ ते अ-४ असे वर्ग दिले आणि वर्गाप्रमाणे कोणता कारखाना नदीपासून किती अंतरावर असावा याची बंधने घातली. २०१५ मध्ये ते धोरण रद्द झाले. हेतू चांगला होता. मात्र वर्ग ठरले ते दप्तरात. गावावरून वाहणारी नदी कोणत्या वर्गात असावी, हे गावास विचारण्याची तरतूद त्यात नव्हती, आणि जो निर्णय आपला म्हणून कोणी घेतलेला नसतो, त्याच्या रक्षणार्थ उभे राहण्यासही फारसे कोणी येत नाही. सर्वांनी मिळून पाण्याचा निर्णय करावयाचा ही कल्पना आपणास परकी आहे असे मात्र कोणी म्हणू नये. पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात भुसार हे खातेदार मिळून ठरवीत आणि पाटकरी त्याबरहुकूम पाणी देई. तिची उणीवही ध्यानात ठेवली पाहिजे: बंधाऱ्याखाली ज्याची जमीन नाही त्याला तेथे शब्द नव्हता, आणि १९५६ च्या आफ्रिकी कायद्यातही नेमके तेच वैगुण्य होते.

जाहीरनामा निघाल्यानंतरचे काम अधिक कष्टाचे असते, याची साक्ष ओलिफंट्सच्या शेजारच्या इन्कोमाती खोऱ्यातून मिळते. नव्या कायद्याखालील पहिली पाणलोट व्यवस्थापन संस्था तेथे २००४ मध्ये स्थापन झाली, आणि तेथील क्रोकोडाइल नदीवर बागायतदार, नगरपालिका, उद्यान इत्यादींचे प्रतिनिधी एका समितीत नियमितपणे बसून नदीचा राखीव प्रवाह सांभाळण्यासाठी क्वेना धरणातून किती पाणी सोडावे याचा विचार करतात. वर्षातून एकदा व्यासपीठावरून ऐकवलेल्या भाषणांपेक्षा असा वरचेवर समोरासमोर मांडलेला हिशेब मला अधिक मोलाचा वाटतो. कारण ज्याला आज पाणी सोडावे लागले, तो पुढच्या बैठकीत ते नदीत खरोखर पोहोचले काय हे विचारू शकतो. ओलिफंट्सच्या खोऱ्यात असा विश्वास रुजण्यास अडचणी अधिक आहेत. स्टीलपूर्ट नदीवरील द हूप धरण खाणींना व खेड्यांना पाणी देण्यासाठी बांधले गेले. भिंत पुरी होऊन पाणी साठल्यानंतरही भोवतालच्या अनेक खेड्यांना नळाची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. ज्याच्या डोळ्यांपुढे जलाशय भरलेला आहे आणि घागर रिकामी आहे, त्याला नदीच्या वर्गावर मत विचारावयास जाणाऱ्याने आधी त्या घागरीविषयी काय करणार हे सांगितले पाहिजे. आणि ते सेपेडीत, इसिन्देबेलेत, त्सोंगात, गावच्या मुखियाच्या अंगणात जाऊन सांगितले पाहिजे. इंग्रजी राजपत्रातील साठ दिवसांची मुदत त्या घरापर्यंत पोहोचत नाही.

राहता राहिला मोझांबिकचा शेतकरी. राजपत्राचा अंमल सरहद्दीवर संपतो, नदीचा संपत नाही. दक्षिण आफ्रिकेचा कायदा शेजारी राष्ट्रांचे देणे हिशेबात धरावयास सांगतो, आणि बोत्स्वाना, झिम्बाब्वे, मोझांबिक व दक्षिण आफ्रिका या चार देशांनी २००३ मध्ये लिंपोपो जलमार्ग आयोगाचा करार केला. पण मासिंगिरखाली मका पेरणाऱ्यास विटबँकच्या वर्गाविषयी हरकत नोंदवावयाची असेल, तर त्याचा अर्ज अद्याप राजधानीतूनच फिरून यावा लागतो. ओलिफंट्सचे वर्ग पुन्हा तपासण्याची वेळ येईल, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील फालाबोर्वा गावाप्रमाणे मासिंगिरलाही एक सभा भरवावी, तिला दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांनी हजर राहावे, आणि तेथे पोर्तुगीज व त्सोंगा या भाषांत मसुदा वाचून दाखवावा.